हो, शिकलेल्या पोरानं ट्रकची दलालीच करावी

मुलगा बी.कॉम. झालेला असतो. हिशोब कळतो, जीएसटीचं थोडंफार कळतं, मराठी, हिंदी आणि कन्नड सहज बोलता येतं. तो घरी सांगतो, "मी ट्रान्सपोर्टच्या लाईनीत जातो. दोन वर्षं एका ऑफिसात काम करतो, मग स्वतःचं ब्रोकरचं ऑफिस टाकतो." यानंतर घरात जे बोललं जातं ते सोलापुरात अनेकांनी ऐकलं असेल. एवढं शिकवलं ते ट्रकची दलाली करायला का? पुण्याचा मामा फोनवर म्हणतो, इकडे ये, कंपनीत चिकटवून देतो. मुलगी बघायला गेल्यावर काय सांगायचं, असा आईचा प्रश्न. आणि घरातला एखादा जाणता माणूस शेवटचा घाव घालतो: आता सगळं मोबाईलवर आलंय, दोन वर्षांत हे दलाल दिसणारसुद्धा नाहीत.

या बोलण्याचा मला राग येतो आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही. ज्या जिल्ह्याची चादर, टॉवेल, कांदा, डाळिंब, साखर आणि सिमेंट रोज रस्त्यानं बाहेर जातं, त्याच जिल्ह्यात तो माल वेळेवर बाहेर काढून देणारा माणूस कमी प्रतीचा ठरवला जातो. ठरवणारे कोण? ज्यांचं घर याच मालावर चालतं ते.

त्यांची बाजू आधी पूर्ण मांडतो, कारण समोरच्याचं म्हणणं अर्धवट सांगून खोडण्यात अर्थ नाही. ते म्हणतात: दलालाचा माल नसतो, गाडी नसते, गोदाम नसतं. एका कानाला माल पाठवणाऱ्या पार्टीचा फोन, दुसऱ्या कानाला ट्रकमालकाचा. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि मधला फरक खिशात घालायचा. हा फरक शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून नाहीतर ड्रायव्हरच्या पोटातून कापला जातो. ज्याला खरंच काही करायचंय त्यानं कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यावी. शिवाय ॲप आल्यावर मधला माणूस लागतोच कशाला? म्हणजे हा धंदा बिनकामाचा, वर अनीतीचा, आणि वर मरणाराही. तिन्ही आरोप एकाच वेळी खरे असते तर हा धंदा एव्हाना संपून गेला असता. तो संपला नाही. का संपला नाही, याचा विचार हे आरोप करणारे कधी करत नाहीत.

बिनकामाचा म्हणता, तर सोलापूरचा नकाशा घ्या. पुण्याहून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि धुळे, छत्रपती संभाजीनगरकडून उतरून विजापूर, हुबळीकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग इथं एकमेकांना छेदतात. रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीकडून येणारा १६६ क्रमांकाचा रस्ता इथवर पोचतो. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढे, विजापूर शंभर. चारही दिशांनी गाड्या येतात आणि चारही दिशांना जातात. पण येणारी गाडी आणि जाणारा माल आपोआप जुळत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारीत मार्केट यार्डात रोज शेकडो गाड्या कांदा उतरतो. लिलाव झाला की तोच कांदा बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नईकडे निघायला हवा. थांबला तर कोंब येतात, सडतो, भाव पडतो. नेमक्या त्याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो आणि जिल्ह्यातली वाहनं उसाला जुंपलेली असतात. उन्हाळा लागला की चित्र उलटं होतं. तेव्हा गाड्या उभ्या असतात आणि माल शोधावा लागतो.

मालही एकसारखा नाही. टॉवेल आणि चादरीच्या गाठी जागा खातात, वजन कमी भरतं; तिथं उंच, लांब बॉडीची गाडी लागते. सिमेंटचं उलटं. होटगीकडून निघणारी सिमेंटची गाडी अर्धी दिसते, पण वजनानं भरलेली असते. सांगोला-पंढरपूरच्या डाळिंबाच्या क्रेटला रात्र वाया घालवता येत नाही. बार्शीची डाळ पावसाळ्यात भक्कम ताडपत्रीशिवाय पाठवली तर पोचेपर्यंत बुरशी धरते. कोणत्या मालाला सहा टायर, कोणत्याला दहा, कोणत्याला बंद कंटेनर, कोणता ड्रायव्हर घाटात सावकाश उतरतो आणि कोणता धाब्यावर सहा तास झोपतो, हे ज्याच्या डोक्यात असतं त्यालाच आपण काही न करणारा म्हणतो.

तमिळनाडूहून सूत घेऊन आलेल्या गाडीचा विचार करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माल खाली झाला. मालक सेलमला, ड्रायव्हरला मराठी येत नाही, सोलापुरात कुणाची ओळख नाही. परतीचं भाडं मिळालं नाही तर दोन वाटा: सात-आठशे किलोमीटर रिकामी गाडी पळवायची किंवा नाक्यावर तीन दिवस उभं राहायचं. दोन्हीत डिझेल जातं, हप्ता चढतो, ड्रायव्हरचा भत्ता अंगावर येतो. त्या गाडीला संध्याकाळपर्यंत बेंगळुरूचा कांदा मिळवून देणारा माणूस काहीच निर्माण करत नाही? रिकाम्या गाडीनं जाळलेलं डिझेल हे देशाचं नुकसान असेल, तर ते वाचवणारं काम उत्पादक नाही कसं?

आणि हे काम फोनवर होतं म्हणून सोपं समजू नका. यातला पैशाचा भाग घरच्यांना दिसतच नाही. समजा, हैदराबादच्या एका गाडीचं भाडं २७ हजार ठरलं. गाडी हलण्याआधी डिझेल, टोल आणि भत्त्यासाठी मालकाला २० हजार ॲडव्हान्स द्यावा लागतो. माल पाठवणारी पार्टी मात्र पोचपावती हातात आल्यावर, बिल लावल्यावर, महिना-दीड महिन्यानं पैसे देते. मधले दिवस कुणी भरले? ब्रोकरनं. महिन्याला अशा तीस गाड्या भरल्या तर सहा लाख रुपये रस्त्यावर फिरत असतात, आणि प्रत्येक गाडीमागे त्याच्या हाती हजार रुपये पडले तर महिन्याचे तीस हजार होतात. त्यातली एक पार्टी बुडाली तर कित्येक महिन्यांची कमाई गेली. बँक जे कर्ज देताना दहा कागद मागते, ते कर्ज हा माणूस ओळखीवर, तोंडच्या शब्दावर देतो. व्यापाऱ्याचं भांडवल मोकळं राहतं आणि ट्रकमालकाची गाडी चालू राहते, ती या माणसाच्या पतीवर. बँकेतल्या क्रेडिट ऑफिसरला तुम्ही जावई करून घेता. याला का नाही?

जोखमीचंही तसंच. खोट्या नंबरप्लेटची गाडी, बनावट आरसी, दुसऱ्याचं लायसन्स. माल भरला, हुमनाबादच्या पुढे फोन बंद, आणि लाखो रुपयांचे टॉवेल गायब. असे प्रकार या धंद्यात होतात. चांगला ब्रोकर गाडी लावण्याआधी तिचं फिटनेस, विमा, परमिट सरकारी ॲपवर तपासतो, इंजिन-चासिस नंबर जुळवतो, मालकाशी स्वतः बोलतो, ड्रायव्हरचा गाडीसोबत फोटो घेतो. दहा टायरच्या गाडीची मालासह एकूण मर्यादा २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन आहे, हे तो जाणतो. पार्टी "दोन टन जास्त टाक" म्हणाली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे, हे तो तिला सांगतो. कांद्याला ई-वे बिल लागत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या टॉवेलला लागतं. त्या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. जहिराबादला गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घेतला तर नवा नंबर बिलात चढवावा लागतो, आणि मुदत संपत आली तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते. रात्री दोन वाजता हे करणारा माणूस म्हणजे ब्रोकर. या कामाला शिक्षण लागत नाही असं कोण म्हणतं? उलट, आता ते शिक्षणाशिवाय जमतच नाही.

कायद्याचा मुद्दा इथंच काढतो, कारण "हा काय रीतसर धंदा आहे का?" असा टोमणा मी वारंवार ऐकला आहे. १८६५ चा जुना वाहक कायदा बदलून संसदेनं २००७ साली रस्ता मालवाहतुकीचा नवा कायदा केला. तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक वाहकाच्या व्याख्येत एजंट आणि ब्रोकर यांची नावानं नोंद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ९३ वं कलम माल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या एजंटाला परवाना घ्यायला लावतं. म्हणजे देशाचा कायदा या माणसाला ओळखतो, त्याच्यावर जबाबदारी टाकतो. त्याला ओळखायला नकार देतात ते त्याच्याच घरचे लोक. कायद्याच्याही कितीतरी आधीपासून हा धंदा आपल्याकडे आहे. लमाणांचे बैलांचे तांडे माल वाहत होते आणि वाटेतल्या जकातीसह ठरावीक रकमेत माल पोचवण्याची हमी घेणारे हुंडेकरी होते. रेल्वे १८६० साली सोलापुरात आली म्हणून ती गरज संपली नाही, आणि पुढे डांबरी रस्ते झाले तेव्हाही संपली नाही.

आता अनीतीचा आरोप. हा मी सर्वात गंभीर मानतो, कारण त्यामागे शेतकऱ्याचं दुःख आहे आणि ते खरं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दहा पोती, ५१२ किलो कांदा सोलापूर बाजार समितीत आणला. किलोला एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. देशभर त्याची बातमी झाली. तेव्हापासून "मधल्या लोकांनी शेतकरी खाल्ला" हे वाक्य अडत्यापासून ट्रक ब्रोकरपर्यंत सगळ्यांवर सरसकट लावलं जातं.

पण त्या पट्टीकडे नीट बघा. भाडं कांद्याच्या भावावर ठरत नाही. कांदा तीस रुपये किलो असो की एक रुपया, बार्शीहून सोलापूरला पोतं आणायला डिझेल तेवढंच लागतं. शेतकरी बुडाला तो पडलेल्या भावानं. त्या वर्षी आवक किती वाढली, निर्यातीचं धोरण कधी आणि कसं बदललं, साठवणुकीची सोय का नाही, हे प्रश्न बाजूला ठेवून राग कुणावर काढला? ज्याचा भाव ठरवण्यात काहीच हात नाही त्या वाहतुकीवर. त्याच वर्षी ८ डिसेंबरला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव पुन्हा कोसळले. ती बंदी कुठल्या ट्रक ब्रोकरनं घातली होती? उलट असं विचारा: दहा पोती घेऊन एकटा शेतकरी गाडी करतो तेव्हा त्याला महाग पडतं, आणि गावातल्या आठ-दहा जणांची पोती एका गाडीत बसवून कुणी आणली तर स्वस्त पडतं. ही जुळवाजुळव करणारा माणूस गावात नसणं, हेच त्या दोन रुपयांच्या धनादेशाचं एक कारण आहे. ब्रोकर जास्त झाल्यानं ते संकट आलं नाही. गावपातळीवर नीट काम करणारा ब्रोकर नाही, म्हणून ते वाढलं.

ट्रकमालकाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य करतो. भाड्यातला उरलेला बॅलन्स महिनोन्महिने अडकवणारे, "दोन पोती भिजली" म्हणून मनाला येईल तेवढं कापणारे, एकाच मालाची दलाली तीन हातांतून फिरवून ड्रायव्हरला नागवणारे लोक या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे परवाना नाही, वही नाही, पावती नाही. पण यावरचा उपाय काय? शिकलेल्या, हिशोबी मुलांनी या धंद्यापासून लांब राहणं? मग तो कुणाच्या हातात राहील? तुम्ही ज्या वाईट माणसांची भीती घालता, त्यांना रान मोकळं करून देणारे तुम्हीच आहात. मुलानं रीतसर परवाना काढला, प्रत्येक गाडीची नोंद ठेवली, ट्रकमालकाला एका दिवसात ३५ हजारांहून जास्त रक्कम रोख न देता खात्यावर दिली, दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाकडून पॅन आणि घोषणापत्र घेऊन त्याचा टीडीएस कापला नाही, तर तो मालक दुसऱ्याकडे जाईल का? या लाईनीत जिथं सचोटी दुर्मीळ आहे, तिथं ती सर्वात जास्त कमाई करून देते.

राहिला मोबाईलचा मुद्दा. हा सर्वात आत्मविश्वासानं मांडला जातो आणि सर्वात कमी तपासला जातो. अमेरिकेत सिएटलची कॉन्व्हॉय नावाची कंपनी २०१५ साली निघाली. मधला माणूस काढून टाकू आणि माल व ट्रक संगणकानं जुळवू, असा तिचा दावा होता. बिल गेट्स आणि जेफ बेझोस यांचे पैसे तिच्यात होते. २०२२ साली तिचं मूल्य ३.८ अब्ज डॉलर ठरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं काम थांबवलं. त्याच अमेरिकेत सी. एच. रॉबिन्सन ही १९०५ साली सुरू झालेली कंपनी आजही मालवाहतुकीची दलालीच करते आणि त्या धंद्यातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. तिथं ब्रोकरला सरकारकडून परवाना घ्यावा लागतो आणि ७५ हजार डॉलरची हमी ठेवावी लागते. हमी कशासाठी? ट्रकवाल्याचे पैसे बुडू नयेत म्हणून. त्यांनी दलाल संपवला नाही. त्याला कायद्याच्या चौकटीत बसवून प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे बेंगळुरूची ब्लॅकबक कंपनी २०१५ साली ट्रक आणि माल जुळवायला निघाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली. तिच्या कमाईचा मोठा भाग आता फास्टॅग आणि गाडीचा माग ठेवणाऱ्या उपकरणांतून येतो.

ॲप निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चांगला ब्रोकर रोज ते वापरतो. पण ॲप दर दाखवतं. पार्टीनं पैसे नाही दिले तर मालकाला स्वतःच्या खिशातून ते देत नाही. बेंगळुरूच्या यशवंतपूर मार्केटात पोतं कमी भरलं म्हणून भांडण झालं, तर तिथल्या माणसाशी कन्नडमध्ये बोलून ते मिटवत नाही. आणि इथं सोलापूरची एक मोठी ताकद आहे, तिची आपण स्वतःच किंमत करत नाही. या शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, घरोघरी मराठी, बाजारात दखनी हिंदी. हैदराबादचा व्यापारी, हुबळीचा मालक, पुण्याची पार्टी आणि उत्तरेचा ड्रायव्हर या चौघांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारं पोर पुण्या-मुंबईत सहज सापडत नाही. सोलापुरात दर दुसऱ्या गल्लीत सापडतं. ही देणगी घेऊन ते पुण्याला जातं आणि कॉल सेंटरात इंग्रजी उच्चार सुधारत बसतं.

रेल्वे सगळं घेऊन जाईल, असंही मधूनच ऐकू येतं. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. पण डाळिंब बागेतून सांगोला स्थानकात रेल्वेनं येत नाही आणि शालिमारहून दुकानात रेल्वेनं जात नाही.

"त्यापेक्षा स्वतःची गाडी घे" हा सल्ला मला सर्वात घातक वाटतो, कारण तो प्रेमानं दिला जातो. मुद्रा कर्ज मिळतं, अण्णासाहेब पाटील महामंडळाकडून व्याजाचा परतावा मिळतो, शोरूमवाला हार घालून चावी देतो आणि घरी पेढे वाटले जातात. पहिल्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो. पण या मुलाला भाडं कुठून मिळतं ते माहीत नसतं, परतीचा माल कोण देतो ते माहीत नसतं, कोणती पार्टी पैसे बुडवते तेही माहीत नसतं. मग तो ज्या ब्रोकरला तुच्छ मानायला शिकला, त्याच्याच ऑफिससमोर उभा राहतो आणि मिळेल त्या भाड्याला गाडी लावतो. देशातल्या बहुसंख्य ट्रकमालकांकडे मोजक्याच गाड्या आहेत आणि त्यांची दैना कुणापासून लपलेली नाही. क्रम उलटा हवा. आधी धंदा ओळखा, माणसं ओळखा, मार्ग ओळखा. गाडी त्यानंतर घ्या, आणि घेतलीच पाहिजे असंही नाही. सरकारी योजनांनाही हाच दोष आहे. त्या लोखंड विकत घ्यायला पैसे देतात. ॲडव्हान्ससाठी लागणारं खेळतं भांडवल मागायला तोच मुलगा गेला की बँक तारण विचारते.

आणि पुण्याच्या मामांनी भाच्याला कुठं चिकटवायचं म्हटलं होतं? चाकणच्या गोदामात, "लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह" म्हणून. तिथं तो काय करणार? गाड्या लावणार, ई-वे बिल काढणार, ड्रायव्हरला फोन करणार, पोचपावत्या गोळा करणार. काम तेच. फरक इतकाच की तिथं खोलीचं भाडं द्यावं लागतं, ओळखी कंपनीच्या होतात आणि दहा वर्षांनी नोकरी गेली तर हातात काही उरत नाही. केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केलं तेव्हा याच घरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते धोरण जमिनीवर उतरवायला माणूस लागतो आणि तो आपल्याच घरातून निघाला की त्याची लाज वाटते, हे मला मान्य नाही. सोलापूरच्या कापड गिरण्यांपैकी जुनी गिरणी गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. त्यांच्या भोंग्यांवर चालणारं शहर आता नोकरीसाठी पुण्याच्या गाडीत बसतं. इथंच, या महामार्गांच्या तोंडाशी, स्वतःच्या नावानं चालवता येणारा धंदा समोर आहे, आणि आपण मुलांना त्याची लाज वाटायला शिकवतो.

ज्याला यायचंय त्याला सरळ सांगतो. पहिली दोन वर्षं पगार कमी असला तरी चांगल्या नावाच्या ऑफिसात काढ. कांद्याचा एक हंगाम मार्केट यार्डात आणि टॉवेलचं एक वर्ष एमआयडीसीत पाहिल्याशिवाय स्वतःचं काही टाकू नकोस. एकच मार्ग धर, समजा सोलापूर-हैदराबाद, आणि त्यातला दर, टोल, उतराईची जागा, तिथल्या हमालांची वाराई, सगळं पाठ कर. सुरुवातीला थोड्याच पार्ट्या घे आणि एकाच पार्टीवर सगळा ॲडव्हान्स लावू नकोस. उद्यम नोंदणी कर, कारण छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांपलीकडे लांबवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. तुझ्या उधारीला एवढा तरी आधार कायद्यात आहे. जीएसटीत आपण वाहतूकदार ठरतो की कमिशन एजंट, हे बिल्टी, म्हणजे मालाची वाहतूक-पावती, कोण देतो यावर अवलंबून असतं, म्हणून पहिल्याच दिवशी सीएकडून ते लिहून घे. ड्रायव्हरचा बॅलन्स पोचपावती आली त्याच दिवशी दे. त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी काढ.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठानं वाणिज्य शाखेत या धंद्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढावा आणि त्यात मार्केट यार्डातलं काम सक्तीचं करावं. बाजार समितीनं आवारात गाड्या भरणाऱ्या प्रत्येक ब्रोकरचा परवाना क्रमांक फलकावर लावावा. बिनपरवाना माणसाला माल देणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपल्या तक्रारी आपल्यापाशीच ठेवाव्यात.

आणि घरच्यांना एवढंच. तुमच्या पोराला हा धंदा करायचा असेल तर त्याला अडवू नका, पाहुण्यांसमोर त्याचं काम लपवू नका, आणि त्यानं पहिला परवाना काढायचं ठरवलं की त्याच्यासोबत आरटीओच्या रांगेत तुम्ही स्वतः उभे राहा.